उष्ण व शीत वाळवंटे : भूगोलाचा एक पाठ आपल्या जिल्ह्याच्या आधाराने

(इयत्ता पाचवी ते सातवीच्या शिक्षकांसाठी)

उष्ण व शीत वाळवंटे हा घटक शिकविताना बहुतेक शाळांत आरंभ सहारापासून होतो आणि शेवट उंटावर होतो. मुले काही नावे पाठ करतात आणि परीक्षेत ती लिहितात. परंतु ‘लडाखला वाळवंट का म्हणतात? तेथे तर बर्फ पडतो,’ असा साधा प्रश्न शाळाभेटीत विचारला, तर वर्ग गप्प होतो. याचा दोष मुलांकडे नाही. वाळवंट म्हणजे ऊन आणि वाळू अशी समजूत एकदा मनात रुजली की शीत वाळवंट ही गोष्ट परस्परविरोधी वाटू लागते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील शिक्षकाला हा पाठ चांगला साधण्याची विशेष सोय आहे. वाळवंट निर्माण करणारी जी मुख्य कारणे आहेत त्यांपैकी एक कारण, म्हणजे डोंगराआडचा पर्जन्यछायेचा प्रदेश, आपल्या जिल्ह्यात सौम्य रूपाने प्रत्यक्ष पाहता येते. घाटघर आणि पारनेर यांमधील फरक ज्या मुलाला कळला, त्याला मनाली आणि लेह यांमधील फरक समजावयास वेळ लागत नाही. यास्तव हा पाठ दूरच्या प्रदेशापासून सुरू न करता आपल्या आभाळापासून सुरू करावा, अशी या लेखाची सूचना आहे.

पाठाचे हेतू

(१) वाळवंट हे पावसाच्या अभावाने ठरते, उष्णतेने वा वाळूने नव्हे, हे मुलांना समजावे.
(२) उष्ण व शीत वाळवंटांच्या हवामानातील साम्य आणि भेद कारणांसह सांगता यावेत.
(३) वाळवंट, अवर्षणप्रवण प्रदेश आणि दुष्काळ या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे उमगावे.

तिसरा हेतू पाठ्यपुस्तकात ठळकपणे येत नाही. परंतु आपल्या मुलांच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. त्याचा विचार पुढे केला आहे.

१. आरंभ शब्दापासून

‘वाळवंट’ हा शब्द मुलांनी भूगोलाच्या आधी ऐकलेला असतो. पंढरपूरला चंद्रभागेच्या वाळवंटात वारकरी जमतात, हे आपल्या खेड्यांतील बहुतेक घरांत माहीत आहे. तेथे वाळवंट म्हणजे नदीकाठची वाळूची जागा. हाच शब्द भूगोलात आला आणि त्याबरोबर वाळूही आली. म्हणून पहिल्याच तासाला हे सांगून टाकावे की भूगोलातील वाळवंटाचा वाळूशी संबंध असतो, पण तो अनिवार्य नाही. सहारातही वाळूने व्यापलेला भाग सुमारे चौथा हिस्साच आहे. बाकीचा प्रदेश खडकाळ, गोट्यांचा व उघड्या डोंगरांचा आहे. ‘मरुभूमी’ हा जुना शब्द या अर्थाला अधिक जवळचा आहे. जेथे पाण्यावाचून जीवन टिकणे अवघड, ती मरुभूमी.

भूगोलाची ढोबळ मर्यादा अशी : जेथे वर्षाला पाऊस व बर्फ मिळून पाणी २५० मिलिमीटरपेक्षा कमी पडते आणि बाष्पीभवनाने त्याहून पुष्कळ अधिक पाणी उडून जाऊ शकते, तो प्रदेश वाळवंट होय.

२. पाऊस भिंतीवर मोजून दाखवावा

‘दोनशे पन्नास मिलिमीटर’ हे शब्द मुलाला काहीच सांगत नाहीत. म्हणून एक सोपा उपाय करावा. पडलेले पाणी वाहून गेले नाही, मुरले नाही, उडाले नाही, जागच्या जागी साचून राहिले, तर वर्षअखेर ते किती उंच होईल, याच्या खुणा वर्गाच्या भिंतीवर खडूने कराव्यात.

जमिनीपासून १० सेंटिमीटरवर पहिली खूण : हे लेह. पाणी घोट्याच्या जरा वर येते.
२० सेंटिमीटरवर दुसरी : हे जैसलमेर. अर्धी पोटरी बुडते.
२५ सेंटिमीटरवर आडवी लांब रेघ : ही वाळवंटाची मर्यादा.
५५ सेंटिमीटरवर चौथी : हा अहिल्यानगर शहर व आसपासचा सरासरी पाऊस. पाचवीतील मुलाच्या मांडीपर्यंत पाणी येते.

नंतर घाटघरची खूण कोठे करावी, असे विचारावे. अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकास, घाटमाथ्यावर, वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. ती खूण भिंतीवर मावत नाही; वर्गाचे छप्पर पाण्याखाली जाईल. सव्वाशे किलोमीटरच्या अंतरात, एकाच जिल्ह्यात, मांडीपासून छपरापर्यंत फरक पडतो. मुले येथे आश्चर्याने ‘का?’ असे विचारतात. तेथून पाठाला खरी सुरुवात होते.

या खुणांतून एक गोष्ट मुलांनी स्वतः वाचावी. लेहची खूण जैसलमेरच्याही खाली आहे. म्हणजे बर्फाळ लेह हे तापलेल्या जैसलमेरपेक्षा अधिक कोरडे आहे. ‘थंड प्रदेश म्हणजे ओला प्रदेश’ ही समजूत येथेच गळून पडते.

३. डोंगराची आडवी भिंत

नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतात. सह्याद्री आडवा आल्यामुळे त्यांना वर चढावे लागते. वर चढलेली हवा थंड होते, आणि थंड हवेत बाष्प कमी मावते. गार पाण्याने भरलेला तांब्या दमट दिवशी बाहेरून ओला होतो, हे उदाहरण द्यावे. अशा रीतीने कळसूबाई, रतनगड, घाटघर या भागांत वारा आपले ओझे उतरवितो. कळसूबाईची उंची १६४६ मीटर. महाराष्ट्रातील हे सर्वोच्च शिखर आपल्याच जिल्ह्याच्या सीमेवर आहे. पुढे तोच वारा पूर्वेकडे खाली उतरतो. उतरताना हवा दबली जाऊन तापते, तिची बाष्प सामावण्याची शक्ती वाढते आणि ढग विरळ होतात. अकोले गावापर्यंत येईतो पाऊस झपाट्याने घटलेला असतो.

आषाढात सुप्याजवळच्या कवड्या डोंगरावरील पवनचक्क्या जोराने फिरत असतात, ढग डोक्यावरून धावत असतात, पण पाऊस मात्र बेताचाच. वारा आहे, ढग आहे, पाणी नाही. हे दृश्य पारनेर, नगर, श्रीगोंदे, कर्जत या तालुक्यांतील प्रत्येक मुलाच्या पाहण्यातले आहे. यालाच पर्जन्यछाया म्हणतात. आपल्याकडे सप्टेंबरचा पाऊस अधिक भरवशाचा का, याचे उत्तरही येथेच आहे. त्या वेळी बंगालच्या उपसागराकडून येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांचा पाऊस मिळतो आणि त्या बाजूस सह्याद्रीची भिंत नाही. म्हणून आपली ज्वारी रब्बीची.

आता नकाशा बदलावा आणि सह्याद्रीच्या जागी हिमालय ठेवावा. मनालीकडून लेहकडे जाताना रोहतांगच्या दक्षिणेस देवदारांची अरण्ये आहेत. खिंड ओलांडून लाहौलात उतरताच उघडे डोंगर सुरू होतात. लडाखपर्यंत आणखी रांगा ओलांडाव्या लागतात आणि तेथे पोहोचेपर्यंत वाऱ्यात बाष्प उरत नाही. घाटघर आणि पारनेर यांमध्ये जे घडते तेच येथे घडते. फक्त भिंत कितीतरी उंच आणि अनेकपदरी आहे.

मात्र सर्व वाळवंटे डोंगराआड झालेली नाहीत, हेही सांगावे. सहारा व अरबस्तान येथे कर्कवृत्ताच्या आसपास हवा वरून खाली उतरते. उतरणारी हवा तापून कोरडी होते, म्हणून ढग बनत नाहीत. थरच्या वाळवंटात या कारणाचा वाटा आहेच. शिवाय अरवलीची रांग अरबी समुद्राकडील वाऱ्यांना आडवी नसून समांतर आहे, आणि बंगालच्या उपसागराकडील वारे तेथवर येईपर्यंत रिते होतात. गोबीचे वाळवंट समुद्रापासून अति दूर आहे. दक्षिण अमेरिकेतील अटाकामाच्या किनाऱ्याजवळून थंड सागरी प्रवाह वाहतो. त्यामुळे तेथे धुके येते, पण पाऊस पडत नाही. अंटार्क्टिकावर हवाच इतकी थंड की तिच्यात बाष्प जवळजवळ मावत नाही. कारणे निराळी असली तरी परिणाम एकच : आभाळातून पाणी न मिळणे.

४. मग एक उष्ण आणि दुसरे शीत का?

कोरडेपणा हा दोघांचा समान धर्म. तापमान दोन मुख्य गोष्टींनी ठरते.

पहिली गोष्ट अक्षांश. विषुववृत्तापासून दूर जावे तसे सूर्यकिरण तिरपे पडतात. थरचे वाळवंट सुमारे २७ उत्तर अक्षांशावर आहे, लेह ३४ वर, तर गोबी ४० च्या पुढे.

दुसरी गोष्ट उंची. दर एक हजार मीटर वर गेल्यास तापमान सरासरीने साडेसहा अंशांनी उतरते. येथे गणिताचा तास जोडून घ्यावा. लेहची उंची सुमारे ३५०० मीटर. साडेतीन गुणिले साडेसहा, म्हणजे जवळजवळ २३ अंश. समुद्रसपाटीवर ज्या वेळी २५ अंश असते, त्या वेळी केवळ उंचीमुळे लेहला दोन-तीन अंशच उरतात.

याला जोडून तिसरी गोष्ट, थंड वाऱ्यांना अडसर आहे की नाही ही. गोबीवर सैबेरियाकडील वारे मोकळे येतात. म्हणून तेथे हिवाळ्यात उणे ४० अंशांपर्यंत थंडी आणि उन्हाळ्यात ४० च्या जवळ उष्णता, असा प्रकार घडतो. थरला मात्र उत्तरेकडील थंडीपासून हिमालयाचे संरक्षण आहे. जो हिमालय लडाखचा पाऊस अडवितो, तोच आपल्याकडील थंडी अडवितो.

आकडे थोडेच द्यावेत, पण ते बोलके असावेत. राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. लेहला जानेवारीच्या रात्री पारा उणे १० ते उणे १५ अंशांच्या आसपास असतो. जुलैच्या दुपारी मात्र तो २५ अंशांपर्यंत चढतो. म्हणजे शीत वाळवंट वर्षभर गोठलेले असते असे नाही. तसेच उष्ण वाळवंट सदैव तापलेले असते असेही नाही. चुरू येथे उन्हाळ्यात पारा पन्नाशीला टेकतो आणि हिवाळ्यातील एखाद्या रात्री शून्याखाली उतरतो.

५. दिवस आणि रात्र

दोन्ही वाळवंटांत दिवस व रात्र यांच्या तापमानात मोठे अंतर असते. याचे कारण आपल्या शेतकऱ्याला पुस्तकावाचून ठाऊक आहे. पौषात आभाळ आले की थंडी पळते, आणि आभाळ निवळले की पुन्हा कडाका पडतो. ढग व बाष्प हे जमिनीवरील पांघरूण होय. वाळवंटात हे पांघरूण नाही. दिवसा ऊन थेट जमिनीवर येते आणि रात्री जमिनीची उष्णता थेट आकाशात निघून जाते. लडाखमध्ये उंचीमुळे हवाही विरळ आहे. त्यामुळे उन्हात चटका आणि सावलीत काकडा, असा अनुभव एकाच अंगणात येतो. हवा कोरडी व आकाश स्वच्छ असल्यामुळेच लडाखातील हानले येथे सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर भारतीय खगोलीय वेधशाळा उभारली गेली आहे.

प्रयोग : दोन सारखे डबे घ्यावेत. एकात कोरडी माती व दुसऱ्यात तेवढेच पाणी भरून सकाळपासून उन्हात ठेवावेत. दुपारी व सायंकाळी हात लावून, तापमापक असल्यास तो लावून, नोंद करावी. माती लवकर तापते आणि लवकर निवते. पाणी दोन्ही बाबतींत सावकाश. ओलावा नसलेल्या प्रदेशाचे तापमान टोकाला का जाते, हे यावरून स्पष्ट होते.

६. छप्पर, पीक व जनावर

हवामानाची साक्ष घरांच्या छपरांवरून मिळते. अकोल्याच्या डोंगराळ भागात उतरती छपरे, तर पूर्वेकडील तालुक्यांत जुनी घरे मातीच्या धाब्याची, सपाट माळवदाची. पाऊस थोडा, म्हणून माती टिकते. मुलांना जैसलमेर व लेह येथील घरांची चित्रे दाखवून छपरे पाहावयास सांगावे. एक प्रदेश तापलेला, दुसरा गोठलेला, तरी दोन्ही ठिकाणी पारंपरिक छपरे सपाट! कोरडेपणाचे याहून चांगले चित्र फळ्यावर काढता येणार नाही. भेद भिंती व खिडक्यांत आहे. जैसलमेरच्या गल्ल्या अरुंद, सावली धरणाऱ्या; लडाखी घराचे तोंड दक्षिणेस, ऊन आत घेणारे, आणि जुन्या पद्धतीत खालच्या मजल्यावर गुरे, म्हणजे त्यांची ऊब वर मिळते.

थरमध्ये बाजरी पिकते आणि खेजडीचे झाड जगते. खेजडी म्हणजे आपल्याकडील शमी वा सौंदड. तिचे मूळ फार खोल जाते. लडाखमध्ये शेतीला उन्हाळ्याचे थोडेच महिने मिळतात. तेवढ्यात जव पिकवितात, जर्दाळूची झाडे राखतात आणि याक व पश्मिना शेळ्या पाळतात. थरचा उंट एका मदारीचा. लडाखच्या नुब्रा खोऱ्यातील उंट दोन मदारींचा व दाट केसांचा. आपला माळढोकही कोरड्या गवताळ माळाचाच पक्षी. त्याच्यासाठी सोलापूर व आपल्या जिल्ह्यात १९७९ मध्ये अभयारण्य झाले. आज देशात तो मुख्यत्वे राजस्थानच्या वाळवंटी भागात उरला आहे.

दोन्हीकडे पाणी बाहेरून येते. थरला इंदिरा गांधी कालवा पंजाबातील हरिके येथून हिमालयाच्या नद्यांचे पाणी आणतो. लडाखची शेती हिमनद्यांच्या वितळलेल्या पाण्यावर चालते. आपल्याकडे भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले आणि घाटमाथ्याचा पाऊस प्रवरेच्या कालव्यांनी श्रीरामपूरकडील कोरड्या जमिनीपर्यंत पोहोचला. तिन्ही ठिकाणी तत्त्व एकच.

पाऊस थोडा म्हणून धोका नाही, असेही समजू नये. ऑगस्ट २००६ मध्ये बारमेर जिल्ह्यात पुराने गावे बुडाली. ऑगस्ट २०१० मध्ये लेह येथे एका रात्रीच्या ढगफुटीने मोठी जीवितहानी झाली. उघड्या जमिनीवर पाणी थांबत नाही, हे त्याचे एक कारण.

७. आपला जिल्हा वाळवंट आहे काय?

हा प्रश्न एखादे मूल विचारतेच. न विचारल्यास शिक्षकाने विचारावा. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी जातात आणि त्यांच्याबरोबर आपल्या वर्गातील मुलेही जातात. १९७२ च्या दुष्काळाच्या कथा त्यांनी आजी-आजोबांकडून ऐकलेल्या असतात. टँकरच्या रांगा स्वतः पाहिलेल्या असतात. ‘आमचे गाव वाळवंटच आहे, येथे काही व्हावयाचे नाही,’ असे वाक्य त्या वयात मनात बसले, तर ते भूगोलाच्या चुकीपुरते राहत नाही.

म्हणून भेद स्वच्छ सांगावा. वाळवंट हे कायमचे हवामान आहे. अवर्षणप्रवण वा निमशुष्क प्रदेश म्हणजे जेथे सरासरी पाऊस वाळवंटापेक्षा अधिक, पण बेताचा व लहरी असतो. आपला जिल्ह्याचा मोठा भाग असा आहे. दुष्काळ ही त्या त्या वर्षाची आपत्ती आहे. ती येते आणि जाते. चौथी गोष्ट म्हणजे झाडे तोडून, माती वाहू देऊन चांगली जमीन उजाड करणे. ती माणसाच्या हातची, म्हणून टाळताही येते.

पुन्हा भिंतीकडे पाहावे. आपली खूण वाळवंटाच्या रेघेच्या वर आहे. त्या पाण्याचे काय करावयाचे, हे आपल्या हाती आहे. नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावावर शेजारच्या गावांहून निराळे ढग येत नाहीत. तेथे समतल चर खणले, बांध घातले, झाडे राखली. गावचा पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो आणि त्यावरून पिके ठरतात. लडाखमध्ये अभियंता चेवांग नोर्फेल यांनी हिवाळ्यात वाया जाणारे पाणी गावाजवळच्या सावलीत अडवून गोठविले. वसंतात ते वितळून पेरणीला उपयोगी पडते. एकाने पाणी मातीत साठविले, दुसऱ्याने बर्फात. घोट्याएवढ्या पाण्यावर लडाखी शेतकरी जव पिकवितो, तर मांडीएवढ्या पाण्यावर आपण काय करू शकू, हा प्रश्न वर्गापुढे ठेवावा आणि उत्तरे मुलांनाच देऊ द्यावीत.

८. दोन दुरुस्त्या

‘जगातील सर्वांत मोठे वाळवंट सहारा’ असे लिहून देऊ नये. सहारा हे सर्वांत मोठे उष्ण वाळवंट. त्याचे क्षेत्र सुमारे ९० लाख चौरस किलोमीटर. अंटार्क्टिका सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटरचे असून ते शीत वाळवंटच होय.

जुन्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत लिबियातील अझिझिया येथील ५८ अंश हे जगातील सर्वोच्च तापमान म्हणून दिलेले असते. १९२२ ची ती नोंद जागतिक हवामान संघटनेने २०१२ मध्ये चुकीची म्हणून रद्द केली. ती शिकवू नये.

फलकलेखन

समान : पाऊस २५० मिलिमीटरहून कमी – निरभ्र आकाश – दिवस-रात्रीच्या तापमानात मोठे अंतर – विरळ वनस्पती – पाणी बाहेरून.
उष्ण (थर, सहारा) : कमी अक्षांश, कमी उंची – उन्हाळा अति तीव्र, हिवाळा सौम्य – पाणी पावसाच्या रूपाने.
शीत (लडाख, गोबी) : अधिक अक्षांश वा अधिक उंची – हिवाळा दीर्घ व अति तीव्र, उन्हाळा लहान – पाण्याचा बराच भाग हिमरूपाने.

प्रश्न व उपक्रम

१. लेह येथे बर्फ पडत असूनही त्याला वाळवंट का म्हणतात?
२. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. तुमच्या घराच्या छपरावर वर्षाला किती लिटर पाणी पडते? लेहच्या तेवढ्याच छपरावर किती?
३. सह्याद्री नसता तर आपल्या तालुक्याच्या पावसावर काय परिणाम झाला असता?
४. उपक्रम : सरळ बाजूंचा एक डबा झाडे व भिंती यांपासून दूर, मोकळ्यावर घट्ट बसवावा. रोज सकाळी साडेआठ वाजता पट्टीने पाणी मोजून नोंदवहीत लिहावे व डबा रिता करावा. हे काम मुलांनी पाळीपाळीने करावे.

जूनपासून दिवाळीच्या सुटीपर्यंत नोंद ठेविल्यास वर्षाचा बहुतेक पाऊस तीत येतो आणि तोडणीला जाणारी मुलेही त्या कामात पूर्ण वाटा घेऊ शकतात. म्हणून हा पाठ दिवाळीपूर्वीच घ्यावा. शक्य तेथे शेजारच्या दोन-तीन शाळांनी आपल्या नोंदी केंद्राच्या शिक्षण परिषदेत एकत्र मांडाव्यात. एकाच केंद्रातील दोन गावांच्या पावसात किती फरक पडतो, हे मुलांना स्वतःच्या आकड्यांवरून दिसेल. आणि पुढील वर्षीच्या वर्गाला भिंतीवर करावयाची खूण पुस्तकातून न घेता आपल्या नोंदवहीतून घेता येईल.